डॉक्टरांना कळवले

"परत फोन केलात!" जिन्सीनं लॅपटॉपचा पडदा माझ्याकडं वळवला. "ताई, पेशंटला धाप लागलीय, ओठ निळे पडलेत, आणि तुम्ही काय करताय? डॉक्टरांना फोन!"

"मग काय करू? नाचू?"

"उशाकडची बाजू उंच करा. ऑक्सिजन लावा. तेवढ्यात डॉक्टर काही गाव सोडून जात नाहीत."

पडद्यावर माझ्या उत्तराला लाल फुली पडली होती. अमेरिकेच्या नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेत असे प्रश्न ढिगानं असतात. पेशंटची एक अवस्था सांगतात, खाली चार पर्याय देतात आणि विचारतात, नर्सनं सगळ्यात आधी काय करावं? त्या चारांत एक पर्याय बहुतेक वेळा असतोच, डॉक्टरांना कळवावे. मी तोच टिचकवायची.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी बायकांच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर होते. वय एक्केचाळीस. जिन्सी थॉमस माझ्याच वॉर्डात, सव्वीस वर्षांची, लागून जेमतेम आठ महिने झालेले, अजून कायम व्हायची होती. आई-बाप केरळचे, पण पोरीचा जन्म मिरजेतला, त्यामुळं तोंड अस्सल मिरजेचं. तिला स्वतःला ही परीक्षा पुढच्या वर्षी द्यायची होती. पण पुस्तक तिनं असं घोटलं होतं की मी वयाची लाज गुंडाळून ठेवून तिला गुरू केलं. दुपारी चादरींच्या खोलीत डबा खाता खाता आमची शाळा भरायची.

"पंच्याहत्तर प्रश्न," जिन्सीनं पोळीचा तुकडा तोंडात टाकत सांगितलं. "चुकले एकोणतीस. आणि त्या एकोणतीसांत एकवीस वेळा तुम्ही फोन केलाय. ताई, ह्या एका पर्यायाला हात लावला नाहीत ना, तर डोळे मिटून पास आहात तुम्ही."

"अगं, इथं आपण तसंच करतो की."

"परीक्षा इथली आहे का?"

मी डब्याचं झाकण लावलं आणि उठले.

आमच्या कामात एक वाक्य असतं, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही म्हणून सांगते. नर्सच्या रजिस्टरात आम्ही दिवसभर लिहीत असतो, ताप किती, लघवी किती, औषध कधी दिलं. आणि काही बिघडलं की लिहायचं, डॉक्टरांना कळवले. पुढं वेळ, पुढं सही. हे वाक्य म्हणजे आमची छत्री. पेशंटचं बरंवाईट झालं तर पहिला सवाल हाच येतो, कळवलं होतं का? कळवलं असेल तर सुटलो. नसेल तर देवसुद्धा वाचवत नाही. माझ्या हातची रजिस्टरं काढून बघा, एक पान त्या वाक्यावाचून सापडायचं नाही.

माझ्याबरोबर ह्या परीक्षेला बसलेल्या चौघी केव्हाच पास होऊन गेल्या होत्या. मी एकदा नापास झाले होते. हा दुसरा प्रयत्न, आणि शेवटचा, असं घरात ठरलेलं. माझे मिस्टर, दिलीप, तंबोऱ्याच्या कारखान्यात भोपळे कोरायचे. माणूस शांत, पण बोलला की नेमकं बोलणार.

"शालन, एक विचारू?" एकदा चहा पिता पिता त्यांनी काढलं. "घरात तू कधी कुणाला विचारून काही केलंस? फ्रीज आणलास, मला दाखवलास. पोरीला सायन्सला घातलंस, मला सांगितलंस. मग त्या कॉम्प्युटरसमोरच एवढी का भितेस?"

"मी कुणाला भीत नाही," मी म्हणाले.

"तसं असेल तर बरंच आहे," असं म्हणून ते कामावर गेले.

खरं सांगायचं तर उत्तर मला येत नव्हतं असं नाही. प्रश्न वाचला की बरोबर उत्तर आधी डोळ्यांपुढं यायचं, हात मात्र वळून फोनवरच जायचा. का, ते मला माहीत होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही धड नाही.

परीक्षेला दहा दिवस राहिले होते. मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा वाजून गेलेले. सात नंबरच्या कॉटवर मुमताज शिकलगार नावाची बाई होती, गर्भाशयाचं ऑपरेशन झालेली. अंगात रक्त कमी म्हणून तिला पिशवी लावली होती, लावून दहा मिनिटंही झाली नसतील. मी शेजारच्या कॉटची चादर बघत होते, एवढ्यात तिनं हाक मारली.

"सिस्टर, ओ सिस्टर. पाठीत लई कळ मारायली. थंडी वाजायलीया."

मी वळून बघितलं. तिचे दात कडाकडा वाजत होते आणि लोखंडी कॉट तिच्याबरोबर हलत होती. रक्त न मानवल्याची खूण होती ती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा सांगेल, अशा वेळी आधी रक्त बंद करायचं. नळीवर एक छोटं चाक असतं, ते अंगठ्यानं खाली सारलं की झालं. दोन सेकंदांचं काम. नळी माझ्या हातापासून वीतभर लांब होती.

"थांबा हं मुमताजबी, मॅडमना विचारते," मी म्हणाले आणि फोनकडं चालायला लागले.

आमच्या सर्जन इनामदार मॅडम ऑपरेशन थिएटरात होत्या. फोन लागेना. परत लावला, परत तेच. रिसीव्हर कानाला धरून मी मागं बघत होते. तिथूनही मला दिसत होतं, पिशवीतून थेंब पडतोय, परत एक पडतोय. मी तशीच उभी. मला चालता येत होतं, हात होते, डोळे होते, आणि मी फोनची टूं टूं ऐकत उभी होते. दोन मिनिटं तरी गेली असतील.

जिन्सी इंजेक्शनांचा ट्रे घेऊन आत आली. तिनं सात नंबरकडं बघितलं, ट्रे होता तसा शेजारच्या कॉटवर ठेवला आणि अंगठ्यानं ते चाक बंद केलं.

"ताई! नळी बदलायची, सलाइन आणा!"

तेव्हा कुठं माझ्या अंगात जीव आला. मग मात्र मी भराभर सगळं केलं. सलाइन लावली, ऑक्सिजन लावला, पिशवी बाजूला जपून ठेवली, थिएटरात निरोप द्यायला वॉर्डातल्या मावशीला पळवलं. मॅडम आल्या, इंजेक्शनं दिली. अर्ध्या तासानं मुमताजबीची थंडी उतरली आणि ती मला म्हणाली, "सिस्टर, भ्या वाटलं वो." मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला. मला तिच्या डोळ्यांत बघवेना.

मॅडमनी हात धुतले, पिशवी उचलून बघितली आणि विचारलं, "रक्त कुणी बंद केलं?"

हे तीन-चार शब्द मी आधी एकदा ऐकले होते, अगदी असेच. जिन्सी तोंड उघडणार तेवढ्यात तिचा कायम होण्याचा कागद माझ्या डोळ्यांपुढं आला. त्याच आठवड्यात त्यावर सही व्हायची होती. ह्या पोरीचं आता वाटोळं होणार, असंच मला वाटलं.

"मी," मी म्हणाले. "मी बंद केलं, मॅडम."

आणि मान खाली घालून उभी राहिले. आता तोफ सुटणार.

"वेळेवर बंद केलंत सिस्टर. आणखी पाच-दहा मिनिटं गेलं असतं तर किडनीवर बेतलं असतं. शाबास." एवढं बोलून मॅडम पुढच्या कॉटकडं गेल्या.

मी चादरींच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि गठ्ठ्यावर बसून रडले. जिन्सी मागोमाग आलीच.

"अहो, शाबासकी मिळाली आणि रडताय काय? मला नको ती. तुम्हीच ठेवा. मला काय लोणचं घालायचंय तिचं?"

"जिन्सी, बस इथं."

ती बसली. मग एकोणीस वर्षांत जे कुणाला नीट सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगितलं.

मी बावीस वर्षांची होते. पहिली नोकरी, दुसऱ्या एका गावात. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांना रक्त लावलं होतं आणि त्यांना अशीच थंडी वाजायला लागली, अशीच पाठीत कळ. मी क्षणाचाही विचार केला नाही. चाक बंद केलं, सलाइन लावली आणि मग पळत सांगायला गेले. सर्जन आले आणि त्यांनी विचारलं, रक्त कुणी बंद केलं? मी चांगली ताठ मानेनं म्हटलं, मी केलं सर. मला वाटलं, शाबास म्हणतील.

"मग?" जिन्सीनं विचारलं.

"मग काय! सगळ्या वॉर्डासमोर माझी सालटी काढली. तू डॉक्टर झालीस का? आदेश कुणी दिला? एवढं मुश्किलीनं मिळालेलं रक्त वाया घालवलंस! तिथून मला मेट्रनबाईंच्या टेबलापाशी नेलं. कोरा कागद पुढं ठेवला. बाई सांगत गेल्या, मी लिहीत गेले. माझ्या हातून गंभीर चूक झाली आहे. यापुढे मी डॉक्टरांच्या आदेशाशिवाय रुग्णाच्या बाबतीत स्वतःहून काहीही करणार नाही. लिहून झाल्यावर बाई म्हणाल्या, 'काहीही'च्या खाली रेघ मार. मी मारली."

"आणि ते म्हातारे?"

"आठ दिवसांनी चालत घरी गेले. जाताना मला दोन पेरू देऊन गेले."

"म्हणजे तुमचं बरोबर होतं!"

"कोण सांगणार? पिशवी त्याच दिवशी कचऱ्यात गेली. तपासणी नाही, काही नाही. म्हाताऱ्याला नुसती थंडीही वाजली असेल. पहिलं वर्षभर मी मनात भांडायची, माझं बरोबर होतं म्हणून. नंतर नंतर मलाच वाटायला लागलं, चुकलं असेल आपलंच. लग्न ठरलं तेव्हा ह्यांनाही तेवढंच सांगितलं, माझ्या हातून एकदा चूक झाली होती."

जिन्सी म्हणाली, "ताई, तुम्ही अजून तो कागद पाळताय?"

बावीस वर्षांच्या शालननं जे केलं ते एक्केचाळीस वर्षांच्या शालनला जमलं नाही. आणि मजा बघा, जे केलं त्याची मी माफी लिहून दिली होती आणि जे केलंच नाही त्याची शाबासकी पदरात पाडून घेतली होती. माफी मी कशीबशी गिळली होती. ही शाबासकी मात्र घशाखाली उतरेना.

मी उठले, तोंड धुतलं, टोपी नीट केली.

"कुठं निघालात?" जिन्सीनं दारात हात आडवा धरला. "ताई, वेडेपणा करू नका. तुमच्या अमेरिकेच्या कागदांवर हॉस्पिटलचा शेरा लागतो. मॅडमनी उलटं लिहिलं तर पास होऊनसुद्धा घरी बसाल."

"बसेन. सर बाजूला."

मॅडम केबिनमध्ये चहा घेत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "मॅडम, मघाशी मी खोटं बोलले. रक्त जिन्सीनं बंद केलं. मी नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "आणि तुम्ही कुठं होता?"

"तिथंच होते. मी आधी बघितलं होतं. तुम्हाला फोन लावत होते."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं तरी."

"रक्त चालू ठेवून?"

"हो, मॅडम."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. बाई ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्यांचं ते बघणंच पुरेसं होतं. "वीस वर्षांच्या अनुभवाच्या इनचार्ज सिस्टरकडून मला ही अपेक्षा नव्हती. लिहून द्या."

परत कागद, परत टेबल. त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढून पुढं सारला आणि पेन दिलं. मी पेन उघडून वाट बघत बसले.

"लिहा ना," मॅडम म्हणाल्या.

"काय लिहू? तुम्ही सांगा."

"मी कशी सांगणार? मी होते का तिथं? काय झालं आणि पुढच्या वेळी काय करणार, तुमच्या शब्दांत लिहा."

माझ्या शब्दांत. मी पाचेक मिनिटं नुसती बसून होते. मॅडमनी घाई केली नाही. मग मी वेळ टाकली आणि लिहायला लागले. मुमताजबी काय म्हणाली, मी काय बघितलं, मी काय केलं नाही, जिन्सीनं काय केलं. शेवटी लिहिलं, पुढच्या वेळी मी आधी रक्त बंद करीन आणि मग डॉक्टरांना कळवीन. त्यासाठी कुणाच्याही आदेशाची वाट बघणार नाही. खाली सही केली. मग परत वर गेले आणि 'आधी'च्या खाली एक रेघ मारली. ही मला कुणी मारायला सांगितली नव्हती.

मॅडमनी वाचलं. "ही रेघ कशाला?"

"असू दे, मॅडम."

त्यांनी कागद फाइलीत लावला आणि म्हणाल्या, "जिन्सी थॉमसला पाठवा. आणि सिस्टर, मला स्वतःहून येऊन सांगितलंत हे लक्षात ठेवीन. दोन मिनिटं उभ्या राहिलात तेही लक्षात ठेवीन."

त्यांनी ते ठेवलंही. पुढचे कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. जिन्सीला मात्र त्यांनी चहा पाजला. ती परत आली ती चेहरा लाल करून. "सांगायची काय गरज होती?" असं म्हणून माझ्यावरच फुगली, आणि संध्याकाळी जाताना दोन्ही हातांनी माझा हात दाबून गेली. दोन दिवसांनी रक्तपेढीचा रिपोर्ट आला. त्या पिशवीतलं रक्त मुमताजबीला खरंच चालणारं नव्हतं. तो कागद मी तीनदा वाचला. त्या म्हाताऱ्याचा असा कागद कधीच निघाला नव्हता, पण मला त्या दिवशी तोही वाचल्यासारखं वाटलं.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. भोपळा कोरायची पटाशी पुसत त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तेव्हा चूक नव्हतीच झाली?"

"नव्हती."

"एवढी वर्षं मला खोटंच सांगितलंस की गं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पेरू गोड होते का?"

मी हसले आणि हसता हसता परत रडले.

परीक्षा बंगळूरला होती. जिन्सीनं बाकीचे आठ दिवस माझा पिच्छा सोडला नाही. लिफ्टमध्ये, जिन्यावर, औषधांच्या खोलीत गाठायची आणि विचारायची, "पेशंट कॉटवरून पडला, आधी काय?" मी सांगायची, "आधी पेशंटकडं बघायचं." "मधुमेहाच्या पेशंटला दरदरून घाम फुटला, आधी काय?" "आधी शुगर बघायची." एकदा तर तिनं कँटीनच्या रांगेत विचारलं, "चहा सांडला, आधी काय?" मी म्हटलं, "आधी तुझं तोंड बंद करायचं."

त्या परीक्षेच्या दारात तुमच्याकडून कबूल करून घेतात की आतले प्रश्न बाहेर कुणाला सांगायचे नाहीत. मी सही केली. माझ्याकडून आयुष्यात लिहून घेतलेली ही तिसरी गोष्ट. तेव्हा प्रश्न काय होते ते मी आजही सांगणार नाही. एवढं सांगते की अर्ध्याच्या पुढं कुठंतरी एक प्रश्न आला, खाली चार पर्याय होते आणि त्यांत आमची छत्री होती. हात सवयीनं तिकडं निघाला. मी माऊसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. तळव्याला घाम आला होता, तो पदराला पुसला. मग मला तो अंगठा आठवला, चाक खाली सारणारा. जिन्सीचा की बावीस वर्षांच्या शालनचा, नक्की सांगता येत नाही. मी उत्तर दिलं आणि पुढं गेले. थोड्या वेळानं पडदा एकदम बंद झाला. ती परीक्षा अशीच, कॉम्प्युटरला पुरेसं कळलं की तो आपणहून थांबतो. परीक्षा संपली.

निकाल दोन दिवसांनी लागायचा होता. चादरींच्या खोलीतच लॅपटॉप उघडला. मी भिंतीकडं तोंड करून बसले होते. माझ्यानं बघवणार नव्हतं. मागं जिन्सीची बोटं टक टक करत होती. मग ती थांबली. बराच वेळ काही आवाजच नाही.

"अगं बाई, बोल की! जीव जायची वेळ आली माझी."

"ताई, एक शेवटचा प्रश्न," जिन्सी म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळाच येत होता. "एक एक्केचाळीस वर्षांची नर्स परीक्षेत पास झाली आहे."

मी तोंड पदरात घातलं.

"ऐका, पर्याय ऐका. सगळ्यात आधी तिनं काय करावं? एक, नवऱ्याला फोन करावा. दोन, पेढे मागवावेत. तीन, जिन्सीला मिठी मारावी. चार..."

"चार मला माहीत आहे," मी म्हणाले.

"मग सांगा उत्तर."

"आधी तीन," म्हणून मी उठले आणि पोरीला अशी कवटाळली की तिची टोपी गठ्ठ्यामागं पडली. दोघी मिळून रडून घेतलं. मग मी तोंड पुसलं, टोपी नीट केली आणि जिना उतरून इनामदार मॅडमच्या केबिनकडं निघाले, डॉक्टरांना कळवायला.